प्रार्थना-वही: दोन तारखांच्या मधली जागा

छापील प्रार्थना-वही घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच गोष्ट असते. देवाकडे जे मागतो आहोत ते लिहून ठेवलं, तर वाट पाहताना धीर सुटणार नाही. वही हे काम खरोखर करू शकते, पण प्रत्येक वही करत नाही. अशा वह्यांची पानं कशी आखलेली असतात, त्यांतलं उपयोगी काय आणि अडचणीचं काय, कागद-बांधणी वर्षानुवर्षं टिकते का, वहीऐवजी पाच वर्षांची डायरी किंवा मोबाइलवरचं अ‍ॅप घ्यावं का, हे इथे तपासलं आहे. कसोटी एकच ठेवली आहे: ही वस्तू वापरून माणूस देवाच्या वेळेसाठी थांबायला शिकतो का?

आधी पान पाहू. नेहमीची आखणी अशी असते: वर एक वचन, त्याखाली ‘विनंती’, शेजारी ‘तारीख’, मग ‘उत्तर’ आणि पुन्हा ‘तारीख’. काही वह्यांत उत्तराच्या जागी तीन चौकोन असतात, ‘हो’, ‘नाही’ आणि ‘थांब’. तळाशी उपकारस्तुतीसाठी दोन-तीन ओळी. एका पानावर अशा चार-पाच विनंत्या बसतात. पान सुटसुटीत दिसतं खरं, पण विनंतीला दोन ओळी, उत्तराला दोन ओळी आणि मधल्या काळाला एकही नाही. सहा महिने किंवा सहा वर्षं जे काही चालतं, ते लिहायला जागाच ठेवलेली नसते. धीर धरायला माणूस शिकतो तो तर त्याच काळात.

शास्त्रातल्या माणसांची अशी दोन तारखांची पानं करून पाहा. अब्राहामाला पाचारण झालं तेव्हा तो ७५ वर्षांचा होता आणि इसहाक जन्मला तेव्हा १०० वर्षांचा. दोन तारखा, मध्ये २५ वर्षं. त्या २५ वर्षांत हागारेचा प्रसंग आहे, पत्नीच्या या दासीपासून मूल मिळवण्याचा, म्हणजे देवाच्या वेळेआधी आपल्याच हातांनी अभिवचन पुरं करायचा प्रयत्न. उत्पत्तीचा १६वा अध्याय अब्राहाम ८६ वर्षांचा असताना संपतो आणि १७वा तो ९९ वर्षांचा असताना सुरू होतो. तेरा वर्षांबद्दल एक ओळही नाही. योसेफाचंही तसंच. १७व्या वर्षी तो भावांसोबत कळप चारतो आहे आणि ३०व्या वर्षी फारोपुढे उभा आहे. त्यातली पूर्ण दोन वर्षं प्यालेबरदार त्याला विसरल्यानंतरची, तुरुंगातली. दोन तारखांच्या वहीत योसेफाचं पान तेरा वर्षं ‘उत्तर नाही’ असंच राहिलं असतं. पण ३९व्या अध्यायात, आधी पोटीफराच्या घरी आणि मग तुरुंगात, परमेश्वर त्याच्याबरोबर होता असं पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. ती नोंद विनंतीच्या रकान्यात बसत नाही आणि उत्तराच्या रकान्यातही नाही. तिच्यासाठी तिसरी जागा लागते.

पानाच्या वर छापलेल्या वचनांबद्दल थोडं विस्ताराने सांगायला हवं, कारण वाचणाऱ्याच्या मनावर सर्वांत जास्त परिणाम तेच करतात. यिर्मया २९:११ नाही अशी वही सापडणं कठीण. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं परमेश्वर तिथे म्हणतो. वचन खरं आहे आणि जिवाला आधार देणारं आहे. पण त्याच्या अगदी आधीचं, १०वं वचन छापलं जात नाही, आणि त्यात बाबेलची ७० वर्षं भरल्यावर, असं स्पष्ट आहे. हे वचन बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेल्या पत्रातलं आहे, आणि ते पत्र ऐकणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत येईल असं लोकांना सांगतो. लोकांना हवी ती तारीख तीच होती आणि ती खोटी ठरली. आता त्याच पत्राची पाचवी ते सातवी वचनं पाहा: घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. वाट पाहताना काय करायचं याची इतकी सरळ यादी शास्त्रात क्वचितच सापडेल. ११वं वचन एकटं छापलं की वाचणारा पुढच्या महिन्याकडे डोळे लावून बसतो. पाचपासून अकरापर्यंत सगळं छापलं तर तो आज बाग लावायला उठेल.

स्तोत्र ३७ची गत वेगळी नाही. परमेश्वराच्या ठायी आनंद कर म्हणजे तो तुझे मनोरथ पूर्ण करील, हे चौथं वचन वहीच्या पुठ्ठ्यावरही असतं. परमेश्वरापुढे स्तब्ध राहा, त्याची वाट पाहा, हे सातवं वचन आत कुठेच नसतं. वही निवडताना म्हणून आधी वचनांची पानं उघडून बघावीत. मागणीची आणि अभिवचनाचीच वचनं असतील, विलापाचं एकही नसेल, तर ती वही कठीण दिवसांत हातात घ्यावीशी वाटत नाही. स्तोत्र १३ तिथे असायला हवं. सहा वचनांचं हे छोटं स्तोत्र पहिल्या दोन वचनांतच चार वेळा ‘कोठवर?’ विचारतं आणि शेवटी गाऊ लागतं. मधल्या वेळेत दाविदाची परिस्थिती बदलल्याचं त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

‘हो, नाही, थांब’ हे तीन चौकोन मंडळीत मुलांना प्रार्थना शिकवताना ठीक आहेत. मोठ्यांच्या वहीत ते नसलेले बरे. ‘थांब’ हे उत्तर कुठल्या दिवशी आलं, हे सहसा कोणालाच सांगता येत नाही. आपण कंटाळून तिथे खूण करतो, आणि खूण झाली की ती विनंती मनातून मिटते. लाजर आजारी असल्याचा निरोप मिळाल्यावर प्रभू येशू आहे तिथेच आणखी दोन दिवस राहिला. तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी त्याच्या बहिणी मार्था आणि मरीया यांनी कोणत्या चौकोनात खूण केली असती? पौलाने शरीरातल्या काट्याबद्दल तीनदा विनवणी केली. त्याला मिळालं ते ‘हो’ नव्हतं, आणि नुसतं ‘नाही’ही म्हणता येणार नाही, कारण काटा राहिला आणि कृपा पुरी पडेल असं वचन मिळालं. अशी उत्तरं लिहायला चार रिकाम्या ओळी लागतात.

दोन तारखा लिहूच नयेत, असा मात्र याचा अर्थ नाही. ब्रिस्टलमध्ये अनाथाश्रम चालवणारे जॉर्ज म्यूलर (१८०५–१८९८) विनंतीची आणि उत्तराची तारीख काटेकोरपणे लिहून ठेवत. नोव्हेंबर १८४४मध्ये त्यांनी पाच जणांच्या तारणासाठी रोज प्रार्थना करायला सुरुवात केली. पहिला दीड वर्षाने प्रभूकडे वळला. दुसऱ्यासाठी आणखी पाच वर्षं गेली, तिसऱ्यासाठी आणखी सहा. हे त्यांनी सांगितलं तेव्हा छत्तीसहून अधिक वर्षं उलटली होती, उरलेले दोघे वळले नव्हते आणि प्रार्थना चालू होती. बारा महिन्यांच्या, तारखा छापलेल्या वहीत ही नोंद मावलीच नसती. तारीख लिहावी ती मागे वळून पाहता यावं म्हणून. देवाला मुदत घालून देण्यासाठी ती लिहू नये.

मग कोणती वही घ्यावी? तारखा न छापलेली, एका विनंतीला निदान एक पूर्ण पान देणारी, आणि मधल्या काळाला पानाचा अर्ध्याहून जास्त भाग ठेवणारी. अशी तयार मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर साधी एकेरी आखणीची वही घेऊन पट्टीने पंधरा मिनिटांत तयार होते. ए५ आकाराचं पान १४८ बाय २१० मिलिमीटर असतं. वर-खाली मिळून ३० मिलिमीटर समास सोडला की १८० उरतात. ओळींमधलं अंतर इथे महत्त्वाचं आहे. अनेक वह्यांत ते ६ किंवा ७ मिलिमीटर असतं आणि ते रोमन अक्षरांना पुरतं. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येतात, म्हणून ८ मिलिमीटर हवेत, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि दोन वर्षांनी आपलंच अक्षर आपल्याला लागत नाही. ८च्या हिशेबाने पानावर २२ ओळी मिळतात. वरच्या ४ विनंतीला, पुढच्या ३ ‘माझ्याकडचं काम’ या नावाखाली, त्याखालच्या १२ ‘दरम्यान’साठी आणि शेवटच्या ३ उत्तराला. ‘दरम्यान’ भरला की समोरच्या पानावर चालू ठेवायचं, म्हणून नवीन विनंती नेहमी डाव्या पानावर सुरू करावी आणि उजवं कोरं सोडावं.

विनंती लिहिताना दोन चुका हमखास होतात. एक म्हणजे मोघमपणा. ‘घरात शांती असू दे’ असं लिहिलं की उत्तर आलं तरी ओळखू येत नाही. दुसरी चूक उलट टोकाची, विनंतीतच तारीख आणि पद्धत ठरवून टाकायची: ‘या महिनाअखेर, त्याच ऑफिसात, त्याच पदावर.’ देवापुढे मन मोकळं करताना असं बोलायला काहीच हरकत नाही, स्तोत्रकर्तेही बोलतात. वहीत मात्र काय हवं आहे आणि ते का हवं आहे, ही दोन वाक्यं वेगळी लिहावीत. पुढे ‘का’चं वाक्य फार उपयोगी पडतं, कारण बरेचदा मागितलेली गोष्ट येत नाही आणि तिच्यामागची गरज मात्र दुसऱ्याच वाटेने भागलेली असते. ‘का’ लिहिलेलं नसेल तर हे लक्षातही येत नाही.

‘माझ्याकडचं काम’ या तीन ओळी कशासाठी? वाट पाहणं आणि हातावर हात ठेवून बसणं यातला फरक दिसावा म्हणून. इथे नहेम्याइतका चांगला धडा नाही. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार. यरुशलेमेची तटबंदी पडल्याची बातमी त्याला किसलेव महिन्यात कळली. राजापुढे बोलायची संधी आली ती नीसान महिन्यात, सुमारे चार महिन्यांनी. या काळात त्याने उपवास केला आणि रात्रंदिवस प्रार्थना केली. पण राजाने ‘तुला काय पाहिजे?’ असं विचारलं तेव्हा त्याच्याकडे किती दिवस लागतील याचं उत्तर तयार होतं, नदीपलीकडच्या सुभेदारांसाठी पत्रं हवीत हे ठरलेलं होतं, आणि दरवाजांच्या लाकडासाठी राजाच्या वनाचा रखवालदार आसाफ याला चिठ्ठी हवी, इथपर्यंत तपशील होता. दुसरीकडे इस्राएलाचा पहिला राजा शौल आहे. गिलगालात शमुवेल संदेष्ट्यासाठी तो ठरलेले सात दिवस थांबला, लोक पांगू लागले आणि त्याने होमार्पण स्वतःच उरकलं. ते संपतं न संपतं तोच शमुवेल येऊन पोहोचला. या तीन ओळी लिहिताना म्हणून एकच प्रश्न विचारायचा: हे काम माझ्या हाती दिलेलं आहे का, की मी दुसऱ्याचं काम घाईने उरकतो आहे?

एक पान जवळून पाहू. विनंती: थोरल्या भावाशी बोलणं पुन्हा सुरू व्हावं. का: आईला दोघांना एकत्र पाहायचं आहे, आणि माझ्या मनातला कडूपणा मला प्रार्थनेत आडवा येतो. माझ्याकडचं काम: त्या दिवशी जे लागेल असं बोललो त्याबद्दल क्षमा मागायची, ‘पण’ न लावता. वाटणीचे कागद त्याच्याकडे पाठवायचे. त्याच्याविषयी तिसऱ्या माणसाशी बोलायचं नाही. मग ‘दरम्यान’, तारखेसह एकेक-दोन ओळी. पहिली नोंद: पत्र पाठवलं, उत्तर नाही. तीन आठवड्यांनी: आज त्याच्यासाठी प्रार्थना करताना पहिल्यांदा त्याच्या गुडघेदुखीची आठवण झाली, तक्रारीची नाही. दोन महिन्यांनी: राग पुन्हा उसळला, स्तोत्र १३ वाचलं, एवढंच. पाच महिन्यांनी: वहिनीचा फोन आला, पाच मिनिटं बोलणं झालं, भावाचा विषय निघाला नाही.

या पानावर उत्तराच्या ओळी अजून कोऱ्या आहेत. तरी चार नोंदी वाचल्यावर काय चाललं आहे ते दिसतं. भावाबद्दल मागायला बसलेल्या माणसाच्या मनात आधी काम सुरू झालं आहे. ‘दरम्यान’मध्ये लिहायचं ते हेच: काय घडलं, मनात काय उठलं, कोणतं वचन धरून तो दिवस काढला. लांब लिहू नये. दोन ओळींच्या पुढे गेलं की नोंदीचा निबंध होतो आणि आठवड्याभरात वही बंद पडते. चांगलंच लिहायचं असाही नियम नको. राग आला, काहीच वाटलं नाही, प्रार्थना केली नाही, हेही तारखेसह यावं. गलतीकरांस पत्राने सहनशीलतेला आत्म्याचं फळ म्हटलं आहे, आणि फळ धरल्याचं दिसायच्या आधी झाड बराच काळ तसंच उभं असतं. याकोब ५:७मधला शेतकरी पहिला आणि शेवटचा, असे दोन्ही पाऊस पडेपर्यंत थांबतो. मधल्या काळात त्याला शेतात काम असतंच.

विनंत्या किती? चालू विनंत्या सातच्या वर जाऊ देऊ नयेत, रोजची एक या हिशेबाने. पहिल्याच दिवशी तीस विनंत्या लिहिणाऱ्याची वही महिन्याभरात कपाटात जाते, कारण तीस पानं रोज उघडली जात नाहीत आणि न उघडलेल्या पानांची टोचणी लागते. मंडळीतल्या, शेजारच्या, नात्यातल्या लोकांसाठीच्या मध्यस्थीच्या विनंत्यांना शेवटची चार पानं वेगळी ठेवावीत आणि तिथे एका विनंतीला एकच ओळ द्यावी. तिथे दुसऱ्याचं पूर्ण नाव आणि त्याची गुपितं लिहू नयेत. वही कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती लागतेच. आद्याक्षर पुरे, देवाला ते कळतं.

रोज पाच ते सात मिनिटं: एक पान उघडायचं, जुन्या नोंदी वाचायच्या, प्रार्थना करायची, काही असेल तर लिहायचं. नसेल तर नाही. महिन्यातून एकदा अर्धा तास सगळी पानं सलग वाचावीत, आणि तेव्हा ‘का’च्या ओळीकडे मुद्दाम पाहावं. रोज उत्तराचा रकाना तपासणं मात्र टाळावं. बी पेरून रोज माती उकरून पाहिल्यासारखं ते होतं, आणि त्या सवयीने वहीच अधीरपणाचं साधन बनते.

पाच वर्षांची डायरी हा दुसरा पर्याय. एका तारखेला एक पान, त्यात पाच वर्षांचे पाच कप्पे. म्हणजे आज लिहिताना गेल्या वर्षीचा हाच दिवस वर दिसतो. देवाने आपल्याला कुठून कुठे आणलं हे पाहण्यासाठी याहून चांगली आखणी नाही. देवाने इथवर साहाय्य केलं याची आठवण म्हणून शमुवेलाने मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये उभ्या केलेल्या एबन-एजर या दगडाचं काम ती करते. अडचण जागेची. २२ ओळी पाचात वाटल्या की वर्षाला चारच ओळी येतात, आणि एका विनंतीचा धागा ३६६ पानांत विखुरतो. पहिलं वर्ष तर पूर्ण कोरडं जातं, कारण वर पाहायला काहीच नसतं. दुसऱ्या वर्षीच्या पहिल्या आठवड्यापासून तिची गोडी कळते, आणि बहुतेक जण त्याआधीच सोडून देतात. विनंतीसाठी वही आणि उपकारस्तुतीसाठी ही डायरी, असं जोडीने वापरलं तर दोन्ही टिकतात. एकच घ्यायची असेल तर वही.

अ‍ॅपचा फायदा आठवण करून देण्यात आहे. प्रवासात, रात्रपाळीत, बाळ मांडीवर असताना वही उघडता येत नाही, फोन उघडता येतो. शोधताही पटकन येतं. पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये सलग किती दिवस प्रार्थना केली याचा आकडा दाखवतात. एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि आजारपणात चुकलेला दिवस पाप केल्यासारखा वाटू लागतो. ती सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. बंद करता येत नसेल तर ते अ‍ॅप घेऊ नये. उत्तर मिळालेल्या विनंत्या यादीतून आपोआप नाहीशा करणारी अ‍ॅपही टाळावीत, कारण वाट पाहताना सर्वांत जास्त आधार त्याच पानांचा असतो. नोंदी बाहेर काढून फाइल जपून ठेवता येते का, हे घेण्याआधी बघावं. फोन बदलल्यावर चार वर्षांच्या नोंदी गेल्या तर त्या कुठून परत आणणार? विनंत्या इतरांना दिसण्याची सोय सुरू आहे की बंद, हेही तपासावं.

आता कागद. दहा वर्षं टिकायची वस्तू आहे, म्हणून थोडं बारकाईने. ७० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या) कागदावर जेल पेनाचं लिखाण मागे उमटतं. ८० चालतो, १०० असेल तर शाईचं पेनही चालतं. गोंदाने कडेला चिकटवलेली बांधणी वही सपाट उघडू देत नाही, आणि दाबून उघडली की वर्षाभरात कणा तडकून पानं सुटतात. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवून केलेली बांधणी घ्यावी. वही मधोमध उघडून पाहिली की शिवणीचा दोरा दिसतो. सुट्या पानांची, कड्यांची फाइल वापरायला सोयीची असते, पण मनाला न पटलेलं पान काढून टाकायचा मोह तिच्यात फार होतो, आणि नेमकं तेच पान पुढे लागतं.

पेन साधं बॉलपेन. खोडता येणाऱ्या जेल पेनाने अजिबात लिहू नये. त्याची शाई उष्णतेने पुसली जाते, साधारण ६० अंश सेल्सिअसला. उन्हात उभ्या गाडीच्या काचेखाली वही राहिली तर पानं कोरी होऊ शकतात. पेन्सिल त्यापेक्षा बरी, घासून धूसर झाली तरी वाचता येते. हबक्कूकाच्या दुसऱ्या अध्यायात दृष्टान्त पाट्यांवर स्पष्ट लिही म्हणून सांगितलं आहे, धावणाऱ्यालाही वाचता यावा असा, कारण तो नेमलेल्या समयासाठी आहे आणि त्याला वेळ लागेल असं वाटलं तरी तो येणारच आहे. लिहिलेलं टिकायला हवं, कारण समय दूर आहे.

काहींनी ही वही सध्या घेऊ नये. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर विनंतीचे रकाने जखमेवर मीठ चोळतात. अशा वेळी कोरी वही आणि विलापाची स्तोत्रं बरी. आपली प्रार्थना बरोबर झाली की नाही या भीतीने तीच तीच पुन्हा करणाऱ्यांनाही नोंदी त्रासच देतात. त्यांनी आधी पाळकांशी बोलावं, आणि भीती रोजच्या कामात आड येत असेल तर डॉक्टरांशीही. आजारपणाच्या पानावर औषध आणि तपासणीच्या तारखा ‘माझ्याकडचं काम’मध्ये याव्यात, ‘देवाची वेळ’ म्हणून त्या पुढे ढकलू नयेत.

आणि घरात मारहाण होत असेल तर ‘धीर धर’ हे त्या पानावरचं वचन नव्हे. दिमिष्कात जीव घ्यायचा कट कळला तेव्हा शिष्यांनी पौलाला रात्री पाटीत बसवून तटावरून खाली सोडलं, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपण रोमी नागरिक असल्याचं सांगितलं. सुरक्षित जागी जाणं, मदत मागणं, तक्रार करणं हे विश्वासाच्या विरुद्ध नाही. कोणी हीच वही पुढे करून सोसायला सांगत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी बाहेर पडा.

या मर्यादांत राहून वापरली, तर स्वतः आखलेली किंवा तशीच मोकळी छापलेली प्रार्थना-वही जरूर घ्यावी. दोन तारखांची, तीन चौकोनांची, वर्षाच्या तारखा छापलेली वही कितीही सुंदर असली तरी या कामासाठी नको. कोणी भेट दिली असेल तर वाया घालवायचं कारण नाही. तिच्यात फक्त उपकारस्तुती लिहावी, दोन ओळी त्याला पुरतात.

१९२ पानांची वही एका विनंतीला दोन पानं या हिशेबाने नव्वदेक विनंत्यांना पुरते, म्हणजे साधारण तीन-चार वर्षं. ती संपली की ज्या विनंत्या चालू आहेत त्या नव्या वहीत उतरवताना वर नवी तारीख घालू नये. मूळ तारीखच लिहावी, शेजारी जुन्या वहीचा पान क्रमांक द्यावा, आणि ‘दरम्यान’मधल्या दोन-तीन नोंदी सोबत उतरवून घ्याव्यात. जुनी वही फेकू नये, नवीच्या शेजारी ठेवावी.